बुडीत, फुगवटा की जलाशय?

मूळ प्रश्न

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, इथल्या मुक्कामावर चार पानं लिहायला घेतली आहेत आणि एका शब्दापाशी अडलो आहे. त्यासाठीच ही चर्चा. थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रसंग समजल्याशिवाय अडचण कळणार नाही.

मी नॉर्थ डकोटात मायनॉटला राहतो. इथून सव्वा-दीड तासावर मिसूरी नदीवरच्या गॅरिसन धरणाचं पाणी पसरलेलं आहे. त्याला लेक साकाकाविया म्हणतात. धरण मातीचं, १९५३ साली पाणी अडलं. लांबी सांगायची तर नदीच्या अंगाने पाणी जवळजवळ २८५ किलोमीटर मागे गेलेलं आहे. अण्णांना एकर-फुटात सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून मी टीएमसीत हिशेब करून दिला : उजनी ११७, हे सुमारे हजार. अण्णा बराच वेळ गप्प होते. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेकाठचं. जुनं गाव उजनीत गेलं तेव्हा अण्णा बावीस-तेवीस वर्षांचे होते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझा एक सहकारी आम्हाला त्याच्या बोटीतून मासे धरायला घेऊन गेला. साकाकावियाचा एक मोठा फाटा आहे, व्हॅन हूक नावाचा. वॉलआय माशासाठी ही जागा नावाजलेली आहे. सोबत पर्चही मिळतो. माणशी दिवसाला पाच वॉलआय आणि वीस पर्च एवढी मुभा, आणि सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला परवाना लागतो, म्हणून अण्णांच्याही नावाचा काढला. तो कागद त्यांनी घडी करून पाकिटात ठेवला तो अजून तिथेच आहे.

आता शब्दांकडे येतो. आधी माशांची नावं, कारण त्यावर फार वेळ घालवायची माझी इच्छा नाही. फोनवरच्या भाषांतरयंत्राने वॉलआयचं ‘भिंतीचा डोळा’ केलं आणि पर्चचं ‘पक्ष्याची बसायची जागा’. दोन्ही चूक. पर्च हा मासा ग्रीक आणि लॅटिनमधून आलेल्या ‘पेर्का’चा वारस, पक्ष्याच्या दांडीचा पर्च लॅटिन ‘पेर्तिका’चा, म्हणजे काठीचा. उच्चार एक झाला एवढंच. वॉलआयमधल्या ‘वॉल’चा तर भिंतीशी काहीच संबंध नाही. तो शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या, भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ डोळ्यावर डाग किंवा पडदा असलेला, असा होता. शास्त्रीय नावातलं ‘व्हिट्रियस’ म्हणजे काचेसारखा.

हे सगळं मी नंतर वाचलं. पहिला वॉलआय बोटीत आला तेव्हा अण्णांनी त्याचं डोकं उजेडाकडे वळवलं, पांढुरका चकाकणारा डोळा पाहिला आणि म्हणाले, “ह्याला मोतीबिंदू झालाय व्हय?” अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. हजारभर वर्षांपूर्वी नॉर्स लोकांनी अशा डोळ्याला जे म्हटलं, तेच अण्णांनी पाहताक्षणी म्हटलं. खरं म्हणजे तो डोळा अधू नाही, उलट फार तेज आहे. बुबुळामागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराला असतो तसा. त्यामुळे अंधुक उजेडात वॉलआयला दिसतं आणि त्याचं भक्ष्य असलेल्या पर्चला दिसेनासं होतं. म्हणून दुपारभर आम्हाला पर्च लागत होते, अंगावर सहा-सात काळपट पट्टे असलेले, पिवळे, वीतभर; आणि वॉलआय खऱ्या अर्थाने लागले ते कातरवेळी. इथली कातरवेळ त्या दिवसांत रात्री पावणेदहाच्या पुढे सुरू होते. ‘दिवेलागण’ हा शब्द मी लिहून खोडला, कारण त्यात घड्याळ आहे, घरात दिवा लावणारं माणूस आहे. ‘कातरवेळ’ चालला.

वाऱ्याने पाण्यावर मध्यम लाटा उठल्या की इथले लोक खूश होतात. लाटांनी उजेड फुटतो, खाली अंधारतं आणि वॉलआय भर दिवसाही खायला येतो. त्या लाटांना ते ‘वॉलआय चॉप’ असं खास नाव देतात. अण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. “पाणी हलतंय तवर बसू,” एवढंच ते म्हणाले.

बाकी शब्दांची मला अडचण आली नाही. गळ, शिसं, तंगूस, गांडूळ, जळू हे सगळं आपल्याकडे आहेच. होय, इथे उन्हाळ्यात वॉलआयसाठी जळू लावतात, जिवंत, आणि दुकानात डबीत विकत मिळते. आमिष हा शब्द मात्र लिहिताना नव्याने भेटला. आपण आता तो नोकरीचं आमिष, पैशांचं आमिष असाच वापरतो. मुळात आमिष म्हणजे मांस. सामिष, निरामिष या शब्दांत तो अर्थ अजून जिवंत आहे. गळाला जळू लावली तेव्हा तो शब्द कितीतरी दिवसांनी आपल्या जागी बसला असं वाटलं. तसंच ‘वाऱ्यावर सोडणे’. सहकाऱ्याने इंजिन बंद केलं आणि बोट वाऱ्याबरोबर हळूहळू सरकू दिली, गळ तळाला घासत मागे येत होता. मी वहीत लिहिलं, “बोट वाऱ्यावर सोडली.” मराठी वाचणाऱ्याला ते निष्काळजीपणाचं वाटेल का? मी ठेवणार आहे. वाक्प्रचार झाला म्हणून मूळ अर्थाने शब्द वापरायचाच नाही, हे मला पटत नाही.

खरी अडचण पुढची आहे. दुपारी तीनच्या सुमारास अण्णांचा गळ तळाला अडकला. ओढून पाहिला, सैल करून पाहिला, शेवटी तंगूस तुटला. सहकारी म्हणाला, खाली बुडालेली झाडं आहेत, जुनी कॉटनवुडची. आणि सहज पुढे म्हणाला, व्हॅन हूक हे एका गावाचं नाव होतं, ते इथेच खाली गेलं. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी गळाची काठी खाली ठेवली आणि पाण्याकडे बघत म्हणाले, “म्हंजे ह्ये बुडीत हाय.”

त्यानंतर त्यांनी काठी हातात घेतली ती थेट संध्याकाळी.

लेखात मी आधी सगळीकडे ‘जलाशय’ लिहिलं होतं. अचूक शब्द आहे, पुस्तकी आहे, पण त्यात नुसतं पाणी आहे. ‘धरण’ आपण बोलताना भिंतीलाही म्हणतो आणि पाण्यालाही, “धरणावर पोहायला गेलो”. पण ती भिंत व्हॅन हूकपासून फार दूर आहे. ‘फुगवटा’ जागेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा, धरणामुळे मागे चढलेलं पाणी. वर्तमानपत्रं यालाच ‘पाणलोट’ म्हणतात ते मात्र सोडलं पाहिजे. पाणलोट म्हणजे जिथलं पावसाचं पाणी वाहून धरणात येतं तो सगळा मुलूख. आणि मग अण्णांचा ‘बुडीत’. सरकारी कागदात ‘बुडीत क्षेत्र’ आहे, पण आमच्याकडे नुसतं ‘बुडीत’ म्हणतात. “आमचं रान बुडितात गेलं.”

हा शब्द मी परक्या मुलखातल्या पाण्याला, एका आनंदाच्या दिवसाच्या वर्णनात, वापरू शकतो का? माझ्या बायकोचं म्हणणं, बुडीत म्हटलं की वाचकाला बुडीत कर्ज आठवतं. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद (मालवण)

बुडिताबद्दल मी बोलणार नाही, तो घाटावरचा अनुभव आहे आणि तो ज्यांचा त्यांनी सांगावा. पण तुम्ही ‘मासे धरायला’ लिहिलंत तिथे थांबलो. आमच्याकडे त्याला स्वतंत्र क्रियापद आहे : गरवणे. गरी म्हणजे गळ, गरीने मासे धरायचे ते गरवणे. “आमी गरवूक जातंव” म्हटलं की जाळं नाही, होडी असेल नसेल, पण हातात दोरी आणि गरी आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. फेकजाळ्याने धरणं ते पागणं. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मोठं जाळं ओढायचं ती रापण. ‘मासेमारी’ हा शब्द या सगळ्यांवर एकच झाकण घालतो. तुमच्या वडिलांनी त्या दिवशी मासेमारी केली नाही, ते गरवत होते. इंदापूरकडे शब्द वेगळा असेल तर तो वापरा, पण ‘फिशिंग’ लिहू नका.

प्रतिसाद (टोरांटो)

माशाच्या नावाबद्दल एक भर. इथे ऑन्टारिओत त्याच वॉलआयला हॉटेलच्या यादीत ‘पिकरेल’ म्हणतात. खरा पिकरेल वेगळा, तो पाइकच्या कुळातला. वॉलआय पर्चच्याच कुळातला आहे. आणि क्विबेकमध्ये फ्रेंच लोक त्याला ‘दोरे’ म्हणतात, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेला. म्हणजे कुणी डोळा पाहिला, कुणी अंगावरची सोनेरी झाक. एकाच माशाची इंग्रजी नावं सीमेपलीकडे बदलत असतील तर मराठीत नवं नाव घडवायचा हट्ट नको, ‘वॉलआय’ राहू द्या. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे वडिलांचं मोतीबिंदूचं वाक्य द्या, डोळा वाचकाच्या लक्षात राहील. चवीचं विचाराल तर रायगडचा जिताडा ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगता येईल : तसंच पांढरं, घट्ट, पापुद्र्यांनी सुटणारं मांस, फक्त चव जास्त सौम्य.

प्रतिसाद (पुणे)

मी पाटबंधाऱ्याच्या कागदपत्रांची भाषांतरं करते, म्हणून ‘बुडीत’ रोज समोर येतो. तिथे तो लाभक्षेत्राच्या जोडीने येतो. ज्यांच्या शेताला पाणी मिळतं ते लाभक्षेत्र, ज्यांचं शेत पाण्याखाली जातं ते बुडीत क्षेत्र. दोन्ही एकाच नकाशावर, दोन रंगांत. ‘धरणग्रस्त’ या शब्दाकडेही बघा. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणाच्या संदर्भात आपण तो वापरतो त्याच अर्थाने. सरकारी शब्द रुक्ष असतात असं आपण म्हणतो, पण हा शब्द रुक्ष नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : ज्यांची जमीन तिथे गेली त्यांना त्या पाण्याबद्दल काय वाटतं, यावर ते अवलंबून आहे. तिथे कोण राहत होतं?

मूळ लेखकाचं उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. ‘गरवणे’ मला माहीत नव्हता. अण्णांना फोन करून विचारलं, आमच्याकडे ‘गळ टाकायला जाणं’ म्हणतात. तेच ठेवतो, पण मालवणचा शब्द चौकटीत देतो.

तिथे कोण राहत होतं, हा प्रश्न मी आधीच लिहायला हवा होता. मिसूरीच्या त्या खोऱ्यात मँडन, हिडात्सा आणि अरिकारा या तीन जमातींची वस्ती होती, आजही फोर्ट बर्थोल्ड ही त्यांची राखीव भूमी त्याच पाण्याच्या दोन्ही अंगांना आहे. नदीकाठच्या मळईत ते मका, घेवडा, भोपळा पिकवत. धरणासाठी त्यांची दीड लाख एकरांहून अधिक जमीन गेली, आणि गेली ती हीच, नदीकाठची, कसदार. एल्बोवुड्स हे त्यांचं मुख्य गाव पाण्याखाली गेलं. सॅनिश आणि व्हॅन हूक ही गावंही गेली आणि वर माळावर जे नवं गाव वसवलं त्याचं नाव न्यू टाउन. अण्णांना याचा अर्थ सांगितला तर म्हणाले, आपल्याकडं बी तसंच, नवीन अमकं, नवीन तमकं.

१९४८ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये जमीन देण्याच्या करारावर सह्या झाल्या. तेव्हाचा एक फोटो आहे. अंतर्गत खात्याचा (नावाने ‘इंटिरियर’, पण आपल्या गृहखात्यासारखं नव्हे; सरकारी जमिनी सांभाळणारं) मंत्री सही करतो आहे, भोवती कोटटाय घातलेली माणसं उभी आहेत, आणि जमातींच्या परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट चष्मा काढून, हाताने डोळे झाकून रडत आहेत. न्यू टाउनहून परतताना गाडीत मी तो अण्णांना फोनवर दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, फोन परत दिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पळसदेवाबद्दल बोलायला लागले. उन्हाळ्यात उजनी खाली गेली की ते देऊळ उघडं पडतं. पाणी ओसरलं की लोक होडीतून, नाहीतर चिखलातून चालत बघायला जातात. अण्णाही गेले होते. देवळापेक्षा त्यांना आपला बांध कुठे होता ते शोधायचं होतं, आणि तो सापडला नाही.

साकाकाविया हे नावही हिडात्सा भाषेतलं आहे, अर्थ ‘पक्षी-स्त्री’. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेबरोबर गेलेल्या स्त्रीचं ते नाव. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्याच भाषेतलं नाव पाण्याला आहे. आपल्या उजनीचं कागदावरचं नाव यशवंतसागर आहे, आणि आमच्या घरात ते कुणी उच्चारलेलं मला आठवत नाही.

तेव्हा माझं ठरलं. धरणाची लांबीरुंदी सांगताना जलाशय. बोट चालली असताना फुगवटा. आणि गळ अडकल्यापासून पुढे, संध्याकाळचे वॉलआय, कातरवेळ, घरी आल्यावर रव्यात घोळून तळलेल्या पर्चच्या तुकड्या, अण्णांनी मागून घेतलेली मुंडकी आणि त्यांचं कालवण, या सगळ्या भागात बुडीत. आनंदाचा दिवस असला तरी. अण्णांना तो दिवस आवडला होता, आणि शब्द त्यांचा होता. बुडीत कर्ज आठवणाऱ्या वाचकाला दोन ओळींत कळेल.

एक गोष्ट राहिली. काल फोनवर अण्णांना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. उजनीचा पाणीसाठा उणे किती टक्क्यांवर गेला ते त्यांनी आधी सांगितलं, मग विचारलं, “त्या लोकांच्यात बुडिताला काय म्हंत्यात? त्यांच्या बोलीत?” मला सांगता आलं नाही. न्यू टाउनला बोटीच्या धक्क्याजवळ गांडुळं आणि जळवा विकणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, अण्णांशी खुणांनी बरंच बोलत होते. येत्या शनिवारी जातो आणि त्यांना विचारून इथे लिहितो.