कविता ज्याची त्याने टॅबवर, की सगळ्यांनी मिळून तालात?

मास्तरीणबाई: सहावीला मराठी शिकवते. वर्गात 36 मुलं, शाळेत धड चालणारे टॅब 12. यंदा बालकवींची 'श्रावणमासी' घेताना प्रत्येकाला वेगळी कृती दिली. कुणी ओळींचा क्रम लावायचा, कुणी गाळलेले शब्द भरायचे, कुणी स्वतःच्या आवाजात पहिलं कडवं रेकॉर्ड करायचं. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, वर्षभर वर्गात तोंड उघडलेलं नाही. तिने हेडफोन लावून तेच कडवं सात वेळा म्हटलं आणि सहा वेळा पुसलं. सातव्यांदा जे म्हटलंय ते ऐकून माझं मत पक्कं झालं, की कविता अशीच शिकवावी. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा: राग मानू नका बाई, पण कविता म्हणजे काय उदाहरणसंग्रह आहे का, ज्याने त्याने आपापला सोडवायला? या कवितेची ओळ 8, 8, 8 आणि 6 मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन). आम्ही ती टाळ्या वाजवत म्हणायचो. त्या सहा मात्रा झाल्या की अख्खा वर्ग दोन मात्रा गप्प, आणि मग पुढची ओळ. ते एकदम गप्प होणं हेडफोनात कुठून येणार?

मास्तरीणबाई: अख्खा वर्ग? दहा जण म्हणायचे, बाकीचे ओठ हलवायचे. मी ओठ हलवणाऱ्यांतली होते.

तिरकस: 'कवीला काय म्हणायचे आहे?' खाली चार पर्याय, अचूक पर्यायावर टिचकी मारा. बरं झालं, बालकवी 1918 सालीच गेले. दोन गुण हुकले असते त्यांचे.

केळीचं पान: आम्ही जळगावकडचे, म्हणजे धरणगावचे बालकवी आमच्या घरचेच. लेकीच्या ॲपात गाळलेली जागा होती, 'हिरवळ दाटे ____'. तिने पुस्तकात बघून 'चोहिकडे' लिहिलं. लाल फुली! उत्तर म्हणे 'चोहीकडे'. ती विचारते, "पप्पा, पुस्तक चुकलं का?" शेवटी वहीत मात्रा मांडल्या. हि ऱ्हस्व धरली तर सहा, दीर्घ केली की सात आणि ओळ लंगडते. शब्द नेहमीच्या लेखनात दीर्घच असतो, कवीने तो तालासाठी आखडलाय. हे तिला समजावताना मला जी मजा आली ती त्या ॲपात नव्हती, एवढंच म्हणतो.

मास्तरीणबाई: ही चूक उत्तरसूची करणाऱ्याची आहे. लाल पेनाने आम्ही काय वेगळं करतो? बहिणाबाईंच्या ओळीतलं 'मियते' एका मुलाने जसंच्या तसं उतरवलं होतं, त्यावर मीच गोल मारून 'मिळते' लिहिलंय. खानदेशी बोली आहे हे माहीत असून. हात आपोआप गेला.

केळीचं पान: त्या पोराची माफी मागितलीत का?

मास्तरीणबाई: मागितली. दुसऱ्या दिवशी, वर्गात. आणि गुण मोजणाऱ्या कृती पुढच्या कवितेपासून बंद करतेय, हे तुमचं पटलं. रेकॉर्डिंग मात्र सोडणार नाही.

खडूफळा: मग ते रेकॉर्डिंग वर्गात लावा ना! निदान इतरांना ऐकू तरी द्या.

मास्तरीणबाई: विचारलं तिला. "नको" म्हणाली. नाही लावलं.

तिरकस: एक हिशेब लागत नाहीये. मुलं 36, टॅब 12. उरलेली 24 जण तेवढा वेळ काय करत होती?

मास्तरीणबाई: व्हरांड्यात बसवली होती. तीच कविता म्हणत होती, टाळ्या वाजवत. रेकॉर्डिंगमध्ये मागे ऐकू येतात.

खडूफळा: आणि ती दोन मात्रा थांबते का, ओळ संपल्यावर?

मास्तरीणबाई: आत्ता परत लावून ऐकलं. थांबते.