माइनक्राफ्ट थीमचा वाढदिवस, पण स्क्रीनशिवाय: खेळ सुचवा ना

मुलगा 8 वर्षांचा होतोय आणि वाढदिवस माइनक्राफ्टचाच (चौकोनी ठोकळ्यांच्या जगाचा व्हिडिओ गेम) हवाय. सोसायटीचा हॉल मिळालाय, संध्याकाळी 5 ते 7, साधारण 15 पोरं, त्यात 4-5 वर्षांची भावंडं पण येणार. सजावट जमलीय, किराणावाल्याकडून खोकी आणून घोटीव कागद चिकटवतोय, क्रीपरचं (गेममधला हिरवा राक्षस) तोंड 8 बाय 8 चौकटींत बसतं त्यामुळे कापायला एकदम सोपं. केक एगलेस, सांगून झालाय, त्यामुळे केकवाल्यांचे नंबर नकोत प्लीज.

अडलंय खेळांवर. टीव्हीवर गेम लावायचा नाहीये, दोघं खेळतात नि बाकीचे बघत बसतात (मग भांडणं). डायमंड लपवून शोधायचा खेळ घरी करून बघितला तर मोठ्यांनी सगळे उचलले, धाकट्यांच्या हाताला काहीच लागलं नाही. टीएनटीची (गेममधला स्फोटक ठोकळा) खोकी रचून बॉलने पाडायची हे ठरलंय पण तेवढ्यावर दोन तास कसे निघणार?

क्राफ्टिंग टेबलच्या 3 बाय 3 चौकटीवरून (गेममध्ये तिच्यात तुकडे ठरावीक जागी मांडले की अवजार बनतं) टीम पाडून काही करता येईल असं वाटतंय, म्हणजे लहानांनी लाकूड-दगडाचे तुकडे शोधून आणायचे आणि मोठ्यांनी कुदळ बरोबर मांडायची, पण निम्म्या पोरांनी गेम बघितलेलाच नाही. कुणी असं केलंय का, आणि गेम माहीत नसलेल्यांनाही लगेच कळेल असं काय ठेवू?