स्लीपर केबिनमध्ये पाणी नेमके कोठून शिरते, हे कसे शोधावे?

वाडीचा_गाडीमालक

नमस्कार. माझी ट्रेलर ओढणारी एक गाडी नागपूर–रायपूर मार्गावर चालते. यंदा पावसाळा सुरू झाल्यापासून झोपण्याच्या बर्थची डावीकडची मागची कड ओली होत आहे. गेल्या दिवाळीनंतर केबिनच्या छतावर कॅरिअर बसवून घेतला होता, त्यामुळे त्याच्याच बोल्टांवर संशय घेऊन गॅरेजमध्ये दोनदा सिलिकॉन लावून घेतले, तरीही गळती थांबलेली नाही. मला न उलगडणारी गोष्ट अशी की, भंडारा, देवरीपर्यंत भर पावसात गाडी चालवली तरी बर्थ कोरडी राहते, मात्र नागपूरजवळच्या वाडीतील यार्डात रात्रभर उभी राहिली की सकाळी गादी भिजलेली असते. संपूर्ण छत उघडण्यापूर्वी काय तपासावे, याचे मार्गदर्शन करावे.

कापसी_मेकॅनिक

भाऊ, तिसऱ्यांदा सिलिकॉन लावू नका. पाणी जेथे टपकते तेथूनच ते आत आले असेल, असे केबिनच्या बाबतीत क्वचितच घडते. छताच्या बाहेरच्या पत्र्याखाली आडव्या-उभ्या पट्ट्या असतात आणि आत शिरलेले पाणी त्या पट्ट्यांवरून उताराच्या दिशेने तीन-चार फूटही सहज जाते, अस्तराचा फोम ते काही काळ धरून ठेवतो आणि मग सर्वांत खालच्या जागी ते बाहेर पडते. म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की यार्डात गाडी कोणत्या उतारावर उभी असते? तोंड वर आणि मागची बाजू खाली असेल, तर पुढून शिरलेले पाणीही तुमच्या बर्थवरच येणार.

तपासणी त्याच उतारावर करावी. आधी गादी काढून केबिन पूर्ण कोरडी करावी, डाव्या बाजूचे अस्तर निदान कडेने सैल करावे आणि आत टॉर्च घेऊन एक माणूस बसवावा. बाहेरून साध्या नळीने, जोर न लावता, खालून वर पाणी सोडावे: प्रथम समोरच्या काचेच्या रबराची खालची कड, मग बाजू, मग दाराची वरची कड आणि सर्वांत शेवटी छत. प्रत्येक जागेला दहा मिनिटे द्यावीत. घाईत वरूनच पाणी ओतले, तर ते सगळीकडून खाली वाहते आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप तर अजिबात वापरू नये, कारण चांगल्या रबरातूनही तो पाणी आत ढकलतो.

पाण्याने उत्तर मिळाले नाही, तर काचा बंद करून ब्लोअर बाहेरची हवा घेण्याच्या स्थितीत पूर्ण वेगाने चालवावा आणि बाहेरून साबणाचे पाणी फिरवावे. जेथे फट असेल तेथे बुडबुडे येतात. छतावरील कॅरिअर, हॉर्न, अँटेना, मार्कर लाइट (केबिनच्या वरच्या कडेचे छोटे दिवे) अशी प्रत्येक वस्तू म्हणजे पत्र्याला पाडलेले एक भोक आहे, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक सूचना: छतात पाणी साचलेले असताना केबिन पुढे टिल्ट करू (कलवू) नये, ते सगळे डॅशबोर्डमधील वायरिंगवर येते.

रात्रपाळी_चालक

पावसाशिवायही ओल येते का, हे पाहावे. एसीची पाणी बाहेर सोडणारी नळी चिखलाने बुजली, तर कोरड्या दिवशीही पायाखाली स्वच्छ पाणी साचते. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला एसी बंधनकारक झाल्यामुळे ही तक्रार पुढे वाढेल, असे मला वाटते. दाराच्या तळाची भोकेही काडीने मोकळी करावीत. काचेच्या फटीतून दारात थोडे पाणी जातेच, ते खालून निघून गेले पाहिजे.

वाडीचा_गाडीमालक

आपला अंदाज खरा ठरला. यार्डात गाडीचे तोंड चढाकडे असते. रविवारी तपासणी केली, तेव्हा कॅरिअरचे बोल्ट कोरडे निघाले. पुढच्या डाव्या मार्कर लाइटवर पाणी सोडताच सुमारे सहा मिनिटांनी वायरच्या भोकातून धार सुरू झाली आणि पट्टीवरून मागे बर्थकडे गेली. दिव्याखालचे रबर कडक होऊन तडकले आहे. गाडी चालताना हेच पाणी पुढच्या खांबातून खाली उतरत असावे, कारण क्लीनरच्या बाजूची मॅट नेहमी ओली असे आणि आम्ही त्याचा दोष त्याच्या चपलांना देत होतो! भोकाच्या कडेला गंज आहे. आता काय लावावे?

कापसी_मेकॅनिक

नागपूरचा मे महिना, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या आसपासचे ऊन, त्या रबराने किती वर्षे सोसले असेल! उरलेल्या दिव्यांची रबरेही याच वेळी बदला.

गंज चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर द्यावा, तो वाळल्यावर रंग. वायरच्या भोकात नवे ग्रोमेट (वायरभोवतीचे रबरी कडे) बसवावे आणि दिव्याच्या बुडाशी ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून स्क्रू बेताने आवळावेत. ब्युटाइल घट्ट होऊन बसत नाही, त्यामुळे पुढे दिवा बदलताना पत्रा खरवडावा लागत नाही. पत्र्याच्या जोडातील भेगांसाठी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरावे, मात्र जुने सिलिकॉन पूर्ण काढून जागा थिनरने पुसल्याशिवाय ते धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्यावर गंज वाढवते, म्हणून कॅरिअरजवळ लावलेलेही सवडीने काढून टाकावे. पीयू हवेतील ओलाव्याने हळूहळू वाळते, तेव्हा किमान एक दिवस गाडी छपराखाली ठेवावी.

अस्तर मात्र लगेच बसवू नका. फोम वरून कोरडा वाटतो, पण आत ओल राहिली तर बुरशी धरते. दोन-तीन दिवस पंखा लावून ठेवा आणि बंद करण्यापूर्वी त्याच दिव्यावर पुन्हा दहा मिनिटे पाणी सोडून पाहा.