मदत हवी आहे: क्विल्टिंगसाठी मोठं, महागडं मशीन घेऊ की आहे त्यावरच भागवू?

नमस्कार मंडळी,

नवीन मशीन घ्यायचं की नाही, या एकाच प्रश्नावर मी चार महिने अडकले आहे. घरच्यांशी बोलून झालं, पण त्यांचं एकच म्हणणं, "तुला हवं तर घे." त्यानं प्रश्न सुटत नाही. ज्यांनी स्वतः मोठ्या गोधड्या मशीनवर भरल्या आहेत त्यांचं मत हवं आहे, म्हणून हा धागा. थोडं सविस्तर लिहिते, नाहीतर उत्तरं "बजेट किती?" यापलीकडे जाणार नाहीत.

माझ्याकडे वीस वर्षांचं, लोखंडी अंगाचं, मोटरवर चालणारं साधं मशीन आहे. सरळ टाका, झिगझॅग, चारदोन नक्षीचे टाके आणि कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेण्याचा खटका, बस. तुकडे जोडायला ते आजही उत्तम आहे. पाव इंचाची शिवण त्यावर डोळे मिटून घ्यावी इतकी सरळ येते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्या पाव इंचावर सगळं उभं असतं. बारा तुकड्यांच्या रांगेत अकरा शिवणी येतात. प्रत्येक शिवण १/३२ इंच जास्त आत गेली तरी दोन्ही बाजूंचं मिळून १/१६ इंच कापड जातं, आणि रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत जवळजवळ पाऊण इंच गायब. मग शेजारची रांग जुळत नाही आणि आपण इस्त्रीला दोष देत बसतो. तेव्हा जोडकामाबाबत माझी काहीच तक्रार नाही.

अडचण पुढची आहे. वरचा थर (टॉप), बॅटिंग (मधला मऊ थर) आणि अस्तर एकत्र करून भरायला, म्हणजे तिन्ही थरांतून टाके घालायला घेतलं की हे मशीन मला पुरत नाही. बाळाची दुलई सहज होते. पण मी आता ९० बाय १०० इंचांच्या करते आहे. तीन टॉप जोडून, इस्त्री करून, घडी घालून कपाटात पडले आहेत. चौथा भरायला घेतला, त्याची गोष्ट सांगते, कारण मशीनचा विचार तिथूनच सुरू झाला.

मधून बाहेर भरत जायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. मध्यावर भरताना अर्धी गोधडी, म्हणजे ४५ इंच, गुंडाळी करून मशीनच्या हाताखाली कोंबावी लागते. माझ्या मशीनला सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत साडेसहा इंच जागा आहे. सुती बॅटिंगची गुंडाळी कितीही घट्ट केली तरी चार-साडेचार इंच होते. हात फिरवायला उरले दोन इंच. त्या दोन इंचांत मी वळणावळणाची नक्षी काढत होते. एका वळणाला गुंडाळी खांबाला जाऊन टेकली, कापड थांबलं, माझा पाय मात्र पेडलवरून उचलला गेला नाही. एका जागी दहाबारा टाके पडून गाठ झाली. मी जोर लावून गुंडाळी सरकवली, तर ती एकदम सुटली आणि पुढचे दोन टाके जवळजवळ आठ मिलिमीटरचे पडले. उलटून पाहिलं तर अस्तरावर प्रत्येक वळणाच्या बाहेर खालच्या दोऱ्यावर वरचा दोरा ओढला गेलेला, पापण्यांच्या केसांसारखी एक ओळ.

तीन संध्याकाळी उसवत बसले. मागून दर चौथा टाका कापायचा, मग पुढून दोरा अलगद ओढायचा. गडद निळं कापड होतं, भोकं धुतल्यावरच बुजली. ती गोधडी शेवटी पूर्ण केली, पण उरलेला भाग उभ्या सरळ रेघांनी, वॉकिंग फूट (कापड वरूनही सरकवणारा जोड) लावून. मनात होती ती नक्षी तीत नाही. आणि उजवा खांदा पंधरा दिवस दुखत होता.

तेव्हापासून मशीनं बघते आहे. जे कळलं ते असं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे ही खांबापर्यंतची जागा, थ्रोट स्पेस. जाहिरातीत टाक्यांचे प्रकार मोठ्या अक्षरांत असतात आणि हा आकडा कुठेतरी खाली. पण हिशेब करून बघा. गुंडाळीचे साडेचार इंच कुठल्याही मशीनवर जाणारच. म्हणजे साडेसहाच्या जागी ११ इंच मिळाले तर मोकळी जागा दोनावरून साडेसहावर जाते, तिपटीहून जास्त. १३ इंचांत साडेआठ उरतात. जागा दुप्पट झाली तर काम चौपट सोपं होतं, असं एका अनुभवी बाईंनी मला सांगितलं होतं. ते मला तेव्हा पटलं नव्हतं, हा हिशेब मांडल्यावर पटलं.

बर्निनाच्या ७ मालिकेत सुईच्या उजवीकडे १० इंच मिळतात. जनोमच्या काँटिनेंटल एम ७ ला साडेतेरा इंच आहेत. जुकीचं टीएल-२०१०क्यू साधारण साडेआठ इंचांचं, फक्त सरळ टाका घालणारं, मिनिटाला १५०० टाक्यांपर्यंत जाणारं. याहून पुढे बसून चालवायची लाँगआर्म, म्हणजे लांब हाताची, खास भरण्यासाठीची मशीनं, १६ इंच आणि वर. पण त्यांतल्या बहुतेकांना कापड सरकवणारे दातेच नसतात. कापड पूर्णपणे आपण हातानं फिरवायचं, म्हणजे तुकडे जोडायला दुसरं मशीन लागणारच. ते माझ्याकडे आहे, हा भाग वेगळा.

वेगाचं मला फारसं आकर्षण नाही. इंचाला दहा टाके धरले तर मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाला माझा हात सेकंदाला एक इंच फिरायला हवा. १२०० ला दोन इंच. नक्षी काढताना मी एवढ्यानं कधीच हात फिरवत नाही. लांब सरळ शिवणी घालताना वेग कामाला येईल, पण त्यासाठी एवढा खर्च करवत नाही.

मोह पडतो तो टाका सारखा ठेवणाऱ्या यंत्रणेचा. बर्निनाचा बीएसआर मी हाताळून पाहिला. फूटमधला सेन्सर खालचं कापड किती सरकतंय ते बघतो आणि त्याप्रमाणे सुईचा वेग कमीजास्त करतो. हात थांबला की सुई मंदावते, हात फार जोरात गेला की मशीन आवाज करून सांगतं. त्या दिवशीची माझी गाठ आणि ते आठ मिलिमीटरचे टाके, दोन्ही यात टळले असते, निदान गाठ तरी नक्की. पण मनात एक शंका आहे. हाताचा आणि पायाचा मेळ ही कमवायची गोष्ट आहे. यंत्रणा लावून भरायला लागले तर तो मेळ बसेल, की कायमचा राहून जाईल? ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी यावर जरूर लिहा.

वरून आणि खालून एकत्र कापड सरकवणारी सोय, पफाफची आयडीटी (ही तर १९६८ पासून आहे) किंवा जनोमची ॲक्युफीड, ही सरळ रेघांसाठी मला खरोखर उपयोगी वाटते. वॉकिंग फूटचा खडखडाट आणि अवजडपणा त्यात नाही. पण मी मुख्यतः मोकळ्या हाताची नक्षी करणार, तिथे दाते बंदच असतात.

आणखी एक गोष्ट, जी दाखवताना कुणी सांगत नाही. बऱ्याच मोठ्या मशीनवर नक्षीचा टाका ९ मिलिमीटर रुंद पडतो, म्हणून सुईखालच्या धातूच्या पट्टीवरची फटही तेवढी रुंद असते. आपला त्रिकोणाचा निमुळता कोपरा त्या फटीत खाली ओढला जातो आणि दोऱ्याच्या गुंत्यात अडकतो. मी चाचणीला गेले तेव्हा अगदी हेच झालं. विक्रेत्यानं आधी कडक खळ दिलेल्या दोन थरांच्या सुती पट्टीवर इतकी देखणी शिवण घालून दाखवली की मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग पिशवीतून माझे त्रिकोण काढले. तिसरा कोपरा आत गेला. एका भोकाची सरळ टाक्याची पट्टी लावल्यावर काम चोख झालं, पण ती पट्टी वेगळी घ्यावी लागते, आणि ती लावलेली असताना चुकून झिगझॅग निवडला तर सुई पट्टीवर आपटून मोडते, मशीनला ते ओळखण्याची सोय नसेल तर.

माझे प्रश्न असे. ज्यांनी साध्या मशीनवरून दहा इंचांच्या पुढच्या मशीनवर उडी मारली, त्यांच्या कपाटातले टॉप खरंच बाहेर आले का? साडेआठ इंचांचं सरळ टाक्याचं मशीन आणि माझं जुनं, अशी जोडी ठेवली तर भागेल, की दोन वर्षांत पुन्हा जागा अपुरी वाटेल? दुरुस्तीचं काय? माझं जुनं मशीन मी स्वतः उघडून साफ करते, तेल देते. संगणकी मशीनचा बोर्ड गेला तर घरी काही करता येत नाही, आणि दहा वर्षांनी भाग मिळतील का याची मला खरी धास्ती आहे. आणि भरतकामाचं युनिट जोडून येणाऱ्या मशीनचे जास्तीचे पैसे द्यायचे का? माझं उत्तर नाही असंच आहे, कुणाचा वेगळा अनुभव असेल तर ऐकायचंय.

आगाऊ आभार.

*

अपडेट: इतक्या जणींनी मनापासून लिहिलंत, खूप बरं वाटलं. सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

चौघींनी एकच विचारलं, मशीन टेबलात बसवलेलं आहे की टेबलावर ठेवलेलं? टेबलावर ठेवलेलं. म्हणजे सुईची पट्टी टेबलाच्या वर तीन इंच, आणि गोधडी दोन्ही बाजूंनी खाली लोंबणारी. तुमचं ऐकून गोधडी काट्यावर ठेवली, अडीच किलो भरली. ते सगळं वजन सुईपाशी मागे ओढत असतं आणि मी ते खांद्यानं उचलत होते. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मशीनच्या तिन्ही बाजूंना पट्टीच्या उंचीला येईल असा जाड फोम रचला, वर गुळगुळीत प्लॅस्टिक ताणून चिकटवलं, डावीकडे आणखी एक टेबल लावलं. वाया गेलेल्या कापडाची तीन थरांची मोठी सँडविच करून त्यावर तासभर भरून पाहिलं. फरक मोठा आहे. टाके सारखे आले, खांदा दुखला नाही, वळणांमागचा दोराही बराच नीट बसला. वरच्या दोऱ्याचं टेन्शन एका खुणेनं वाढवलं आणि ९०/१४ ची टॉपस्टिच सुई घातली, त्याचाही वाटा असणार. ज्यांनी सुई बदलायला सांगितली त्यांचे वेगळे आभार.

पण जागा दोन इंचच आहे. फोमनं वजन सांभाळलं, खांब तिथेच राहिला. मध्यावरची नक्षी दर दोन इंचांनी थांबून, हात उचलून, पुन्हा गुंडाळी लावून करावी लागते, आणि प्रत्येक थांब्याला टाक्यात बारीकशी पायरी दिसते. भाग वेगवेगळे भरून मग जोडायचे, ही सूचनाही करून पाहिली. लहान चौकोनांच्या रचनेला ती पद्धत छान आहे. माझ्या तीनपैकी दोन टॉपवर नक्षी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड वाहत जायला हवी, तिथे मधले जोड नडतात. भरायचं काम बाहेर देण्याबद्दलही दोघींनी लिहिलं. तिसरा टॉप कदाचित देईनही. बाकी दोन माझ्याच हातून व्हावेत असं फार वाटतं. त्यासाठीच तर हे शिकले.

तेव्हा सध्या मन असं झालं आहे: आधी खाच पाडलेलं टेबल, म्हणजे मशीन आत बसून पट्टी टेबलाच्या पातळीला येईल, जे कुठल्याही मशीनला लागणारच. भरतकामाचं युनिट नाही. शेकडो टाके नाहीत. किमान ११ इंच जागा, सरळ टाक्याची पट्टी, गुडघ्यानं फूट उचलायची दांडी आणि जवळ दुरुस्त करणारा माणूस. जुनं मशीन कुठेही जाणार नाही, जोडकाम त्यावरच.

पुढच्या आठवड्यात दोन मशीनची चाचणी ठरली आहे. या वेळी नमुन्याचा तुकडा नेणार नाही. पूर्ण गोधडीच गुंडाळून नेणार आणि थेट मध्यावर सुई लावणार, कुणी काही म्हटलं तरी. एक तेवढं सांगा: टाका सारखा ठेवणाऱ्या यंत्रणेची चाचणी कशी घ्यायची? मी हळू फिरवलं, जोरात फिरवलं, टोकदार कोपरा घेतला. गडद कापडावर, जाड शिवणीवरून जाताना सेन्सर चुकतो का, आणि ते तिथल्या तिथे कसं ओळखायचं? ज्यांच्याकडे वर्षभर तरी आहे त्यांनी हे लिहिलं तर मला त्या दिवशी नेमकं काय बघायचं ते कळेल.