प्रति: डोळ्यातून सारखं पाणी येणं

पाणी येतं ते वयामुळे, मोतीबिंदू काढला की थांबेल, असं वर म्हटलंय. नाही पटत. आमच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं या पाण्यामुळेच पुढे गेलं. आधीच्या तपासणीत डॉक्टरांनी पापणीच्या कडेच्या बारीक छिद्रातून बोथट सुईने सलाइन सोडलं. अश्रू नाकात उतरायची वाट मोकळी असेल तर ते घशात खारट लागायला हवं. तिला काहीच लागलं नाही, उलट पाणी डोळ्यातूनच परत आलं, सोबत पू. आणि ही बाई वर्षभर गुलाबपाणी घालत होती!

अश्रुपिशवीत, म्हणजे डोळ्यातलं पाणी नाकात जाताना वाटेत लागणाऱ्या छोट्या पिशवीत, पू असताना मोतीबिंदू काढला तर जंतू डोळ्याच्या आत शिरून नजर जाऊ शकते. म्हणून आधी डीसीआर, म्हणजे नाकाच्या हाडात छोटी वाट करून पिशवी थेट नाकात उघडतात. तिचं दुर्बिणीने नाकातूनच केलं, चेहऱ्यावर टाका नाही. मोतीबिंदू दीड महिन्याने.