जड अ‍ॅडव्हेंचर बाईक, कच्ची खिंड आणि एकटाच: सल्ला हवा

उनाडचाक:
नमस्कार मंडळी. माझी गाडी भरलेल्या टाकीसह २५० किलोच्या आसपास जाते. डांबरी घाट भरपूर झाले, कच्च्याचा अनुभव मात्र शेतवाटांपुरता. आता साधारण ४,५०० मीटर उंचीची एक कच्ची खिंड एकट्याने पार करायची आहे. खडी, चाकोऱ्या, मध्ये ओढे. टायर कुठले घ्यावेत? सामानासाठी दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या चालतील का? 'एकटा जाऊ नकोस' हे घरी रोज ऐकतोय, ते सोडून काहीही सांगा.

नॉबीवाला:
५०-५० नॉबी घ्या (निम्मे डांबरासाठी, निम्मे कच्च्यासाठी असलेले जाड गुठळ्यांचे टायर), आणि बजेट कमी असेल तर निदान पुढचा तरी. मागचं चाक घसरलं तर गाडी नुसती कंबर हलवते, पुढचं घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही.

खडीसम्राट:
टायरचं नंतर बघू. आधी एक सांगा, गाडी आडवी झाली तर एकट्याने उचलता येते का? तीही सामानासकट? कारण तुम्ही जे विचारताय त्यातला खरा प्रश्न हाच आहे. कच्च्यावर जड गाडी कधी ना कधी पडतेच, चालवणारा कितीही तयारीचा असो. सोबत कुणी असेल तर दोन मिनिटांचं काम. एकटे असाल तर तिथेच दिवस संपू शकतो.

गाडी पडली की आधी इग्निशन बंद. मग लगेच झोंबू नका, श्वास घ्या, पेट्रोल गळतंय का बघा. उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधीच साइडस्टँड उघडून ठेवा, म्हणजे सरळ झाल्यावर पलीकडे कोसळणार नाही. डाव्या अंगावर असेल तर स्टँड खाली अडकलेला असतो, तेव्हा गिअर टाका, नाहीतर अर्धवट उचललेली गाडी घरंगळते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठमोरे टेका, एक हात खालच्या ग्रिपवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर. पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे छोटी पावलं टाका. हातांनी ओढायला गेलात तर कंबर गेलीच समजा.

हे झालं सपाटीवर. उतारावर गाडी बऱ्याचदा चाकं वर आणि सीट खाली अशी पडते. तशी ती उचलत बसू नका. सामान सोडवा, पुढचं चाक धरून गाडी क्रॅश गार्डवर गर्रकन फिरवा, चाकं उताराकडे येईपर्यंत. आता निम्मं काम उतारच करतो.

पेट्यांबद्दल: एकट्याला नको. चाकोरीत पाय टेकवला आणि गाडी पुढे सरकली की पेटी थेट पोटरीवर येते, पाय मोडायचा हा ठरलेला प्रकार आहे. मऊ बॅगा घ्या, वजनही कमी होतं. आणि पुढे पंप जवळ असेल तर टाकी काठोकाठ भरू नका. २० लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास १५ किलो, तेही अगदी वरच्या बाजूला.

उनाडचाक:
रिकामी गाडी अंगणात उचलून पाहिली आहे, जमते. सामानासकट नाही.

खडीसम्राट:
मग लादा, उतारावर जा आणि लागोपाठ तीनदा उचला. तिसऱ्या वेळी जी धाप लागेल ती वरच्या हवेत पहिल्याच वेळी लागणार आहे. जमलं तर टायर निवडायला बसा.

गेजवाली:
वर म्हटलंय त्याला आकडे जोडते. ४,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी असते. इंजिनाची ताकद साधारण त्याच प्रमाणात उतरते, पण जड गाडीकडे ताकद मुबलक असते, तिचं निभावतं. आपलं निभावत नाही. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर वर जायचं नाही, कमी झालं नाही तर खाली उतरायचं. इथे हिरोगिरी नको.

एक गंमत: टायरचं गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. बाहेरचा दाब समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय, तिथे वर साधारण ८.४. म्हणून खाली २८ भरलेली हवा वर ३४ दिसू शकते. थंडीने त्यातली काही परत उतरते, पण तरी टायर दगडासारखा होतो. तेव्हा हवा घरून कमी करून निघू नका, कच्चा रस्ता सुरू होतो तिथे मोजून सोडा. या वजनाला मी पुढे २५, मागे २८ च्या खाली जाणार नाही, रिम वाकते. छोटा कंप्रेसर सोबत हवाच.

ओढेकरी:
बर्फ वितळून येणारे ओढे पहाटे सगळ्यात कमी असतात, दुपारनंतर फुगतात. मुक्काम असा ठरवा की मोठा ओढा सकाळी लागेल. आधी चालत पार करा, बूट भिजले तर भिजू द्या. पाणी पसरट आणि खळाळतं असेल तिथे उथळ, अरुंद आणि शांत दिसतं तिथे खोल. चालताना पाय टिकत नसतील तर गाडीही टिकणार नाही.

पाण्यात आडवी झाली तर पहिल्या सेकंदाला किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण). बाहेर काढल्यावर स्टार्टरला हात लावू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. एअर फिल्टर ओला असेल तर आधी स्पार्क प्लग काढा, मगच स्टार्टर फिरवून पाणी बाहेर फेका. तुमच्या गाडीचे प्लग काढायला कुठला पाना लागतो हे घरीच बघून ठेवा, काही गाड्यांत टाकी उतरवावी लागते.

सावधगडी:
घरच्यांच्या बाजूने थोडं. एकटे जा, पण कुठल्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर कुणी काय करायचं हे लिहून देऊन जा. सॅटेलाइट मेसेंजर (मोबाइल नेटवर्क नसतानाही उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र) सुचवणारे भेटतील, पण आधी जिथे जाताय त्या देशाचा कायदा बघा. भारतात ही उपकरणं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत.

उनाडचाक:
सगळ्यांचे आभार. पेट्या रद्द. अजून एक शंका: चढावर गाडी बंद पडली तर? नुसता पुढचा ब्रेक धरून भागेल का?

खडीसम्राट:
नाही. खडीवर पुढचं चाक लॉक झालेलं असतानाही गाडी मागे सरकते. घाबरून क्लच दाबायचा नाही. गिअरमध्ये बंद पडलेलं इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. इंजिन बंदच असू द्या, क्लच किंचित दाबत-सोडत इंचाइंचाने मागे या, गाडी उताराला थोडी आडवी घेऊन तोंड खाली वळवा, आणि खालून पुन्हा या. हो, इग्निशन बंद-चालू केलं की बऱ्याच गाड्यांत कच्च्यासाठी बंद केलेला मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आपोआप परत चालू होतो. उताराला लागण्याआधी डॅशवर एकदा बघत जा.