गरीब देशांना नकाशे करून द्यायचे, मग पुढचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, कोण करणार?

बांधावरचा: आफ्रिकेतल्या रवांडात साधारण २००९ ते २०१३ मध्ये जवळजवळ अख्ख्या देशाची जमीन नोंदवली गेली. एक कोटीहून जास्त तुकडे. मदत ब्रिटन, स्वीडन, नेदरलँड्स, युरोपीय संघाची. विमानातून काढलेल्या फोटोंचे मोठे प्रिंट शेतात नेले, दोन्ही बाजूंचे शेजारी उभे केले आणि थोडंफार शिकवलेल्या गावातल्याच पोरापोरींनी फोटोवर पेनाने हद्द ओढली. तुकड्यामागे खर्च सहा-सात डॉलर. आपल्याकडे एवढ्यात मोजणीचा अर्जसुद्धा सरकत नाही!
पण पुढे लोकांनी जमिनी विकल्या, वाटण्या केल्या आणि त्यातलं बरंचसं नोंदलंच गेलं नाही. नकाशा त्या दिवसापासून शिळा. म्हणून माझं म्हणणं, भारताने अशा देशांना मदत द्यायची तर फेरफार करणाऱ्या कचेरीला दहा वर्षं द्या. नुसती विमानं उडवायला नको.

कोरडवाहू: आधी घरचं बघा. गावठाणांची ड्रोन मोजणी आपण आत्ता कुठे करतोय, आणि निघालो आफ्रिकेला शिकवायला.

बांधावरचा: घरचं पुरं होईपर्यंत थांबायचं असतं तर डचही थांबले असते. डेहराडूनची हवाई फोटो वाचायला शिकवणारी संस्था १९६६ साली त्यांच्याच मदतीने उभी राहिली. तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था. त्यांनी माणसं शिकवली, म्हणून ते टिकलं.

रानवाटा: कचेरी हवीच कशाला? हैतीत जानेवारी २०१०च्या भूकंपात सरकारी नकाशा केंद्राची इमारतच कोसळली. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहाचे फोटो बघून राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर काढले आणि बचाव पथकांनी ते वापरले.

बांधावरचा: रस्ता वरून दिसतो हो. भावाभावांतली वाटणी दिसते का? रुग्णवाहिकेला तुमचा नकाशा पुरेल, कोर्टाला नाही.

रानवाटा: मान्य. पण कोर्टात जाण्याआधी माणूस जिवंत राहायला हवा ना? नकाशा सर्वांना खुला असेल तर एक इमारत पडून सगळं जात नाही, एवढंच म्हणतोय.

सावित्री_नाशिक: दहा वर्षं परक्यांच्या पैशावर पगार म्हणजे अकराव्या वर्षी कुलूप. शिवाय रवांडात रोग वेगळाच होता. नोंदणीची फी ठरावीक, तुकडा मोठा असो की चिमूटभर. एवढ्याशा वाफ्यासाठी ती कोण भरणार? लोक गावातच साध्या कागदावर सही करून मोकळे होतात. यात परदेशी तज्ज्ञ काय करणार? फी त्यांच्याच सरकारने उतरवायची.

बांधावरचा: फी उतरवली की कचेरीचं उत्पन्न बुडतं, तीच तूट मदतीतून भरा म्हणतोय. कायमची नाही, लोकांना नोंदवायची सवय लागेपर्यंत.

सावित्री_नाशिक: सवय लागली हे ठरवणार कोण, पैसे देणारा की घेणारा? ते आधी लिहून घ्या, मग बोलू.